४४ हर्ट्झचं ते शिखर खोडू नका

पत्राचा सारांश : मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने ऐच्छिक विषय म्हणून इलेक्ट्रॉनिक माध्यमं घेतली आहेत. दोन्हीकडे प्रकल्प आहे आणि हातात पाच आठवडे उरले आहेत. मेकॅनिकलचा प्रकल्प कंपनांचा आहे. २५ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड पोलादी पट्टी ३०० मिमी बाहेर राहील अशी व्हाइसमध्ये (शिकंजात) धरायची, टोकाला एमपीयू-६०५० हे सुमारे ६ ग्रॅमचं त्वरणमापी मॉड्यूल चिकटवायचं, टिचकी मारायची आणि नैसर्गिक वारंवारता, म्हणजे पट्टी स्वतःहून सेकंदाला किती वेळा हलते ते, काढायची. गणिताने उत्तर येतं २७.२ हर्ट्झ, प्रयोगात येतं २४.६. शिवाय वारंवारतेच्या आलेखात ४४ हर्ट्झजवळ आणखी एक शिखर दिसतं, ज्याचा गणितात पत्ताच नाही. सेकंदाला २०० नमुने घेतले आहेत. गटातला मित्र म्हणतो, ते शिखर आलेखातून काढू, ‘प्रायोगिक त्रुटी’ लिहू आणि सुटू. माध्यमांच्या विषयासाठी सहा मिनिटांची माहितीफीत करायची आहे. तिने याच प्रयोगाचं चित्रण केलं, पण २५ फ्रेमच्या चित्रणात पट्टी थरथरतच नाही. अडीच सेकंदांत एकदा संथ डोलते. शिक्षकांनी विचारलं, “यात कंपन कुठे आहे?” घरच्यांच्या मते माध्यमं म्हणजे टाइमपास. तिचे प्रश्न असे : माध्यमांचा विषय सोडून द्यावा का? की एकच काम दोन्हीकडे दाखवून वेळ वाचवावा? आणि शेवटी एक वाक्य : “मला धड इंजिनिअरिंग येत नाही, धड माध्यमं येत नाहीत.”

उत्तर :

विषय सोडायचा की ठेवायचा हे थोडं बाजूला ठेवू. तुम्ही पत्रात आकडे दिलेत हे फार बरं केलंत, कारण त्या आकड्यांवरून तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल काही ठाम बोलता येतं.

पोलादी पट्टीसाठी एक सोपा हिशेब आहे. पहिली नैसर्गिक वारंवारता म्हणजे ८१५ गुणिले जाडी भागिले लांबीचा वर्ग, मापं मीटरमध्ये. रुंदी यात येतच नाही. ८१५ × ०.००३ ÷ ०.०९ केलं की २७.२ मिळतात. तुमचं गणित बरोबर आहे. पण पट्टी एकाच वारंवारतेने हलत नाही. वाकून हलण्याच्या तिच्या ठरलेल्या तऱ्हा असतात, त्यांना मोड म्हणतात. दुसऱ्या मोडची वारंवारता पहिल्याच्या ६.२७ पट असते, म्हणजे १७० हर्ट्झच्या आसपास. टोकावरचं मॉड्यूल आणि व्हाइसची थोडी ढिलाई धरली तर ती १५६ पर्यंत उतरते (ही ढिलाई किती, ते पुढे येईल). आता सेकंदाला २०० नमुने घेतले, तर १०० हर्ट्झच्या वरचं काहीही आलेखात स्वतःच्या जागी दिसू शकत नाही. ते दुमडून खाली येतं. २०० वजा १५६ किती? ४४.

आता चित्रणाकडे या. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेतो. पट्टी सेकंदाला २४.६ वेळा हलते. २५ वजा २४.६ म्हणजे ०.४. सेकंदाला ०.४ आवर्तनं म्हणजे अडीच सेकंदांत एक.

प्रयोगशाळेत आणि फितीत तुम्हाला एकाच गोष्टीने चकवलंय. तिचं नाव एलियासिंग. हलणारी वस्तू ठरावीक अंतराने, पण तिच्या वेगाच्या मानाने कमी वेळा ‘टिपली’ की हे होणारच, मग टिपणारा त्वरणमापी असो, मायक्रोफोन असो की कॅमेरा. नमुने वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेगाने घ्यायला हवेत, हा नियम अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या शोधनिबंधात मांडला तो संदेशवहनासाठी. आज तो कंपनांच्या प्रॅक्टिकलमध्ये एका आठवड्यात शिकवला जातो आणि ध्वनिमुद्रणाच्या तासाला दुसऱ्या. दोन्ही वर्गांत बसलेली व्यक्ती तुम्ही आहात. म्हणून ‘धड हे नाही, धड ते नाही’ हा निष्कर्ष मला या आकड्यांतून काही निघताना दिसत नाही.

अर्थात वजाबाकी जुळली म्हणून कारण सिद्ध झालं असं नाही. आकडे योगायोगानेही जुळतात. तेव्हा दोन छोट्या चाचण्या करा, दोन्ही मिळून अर्धा तास लागेल.

पहिली : बाकी काहीही न बदलता नमुने २०० ऐवजी २५० करा. २४.६ चं शिखर जागचं हलणार नाही, कारण ते खरं आहे. ४४ चं शिखर उडी मारून ९४ वर जाईल. नमुन्यांचा वेग बदलल्यावर जे शिखर जागा बदलतं ते दुमडून आलेलं, ही ओळख कायम लक्षात ठेवण्यासारखी आहे. (१८० करून बघू नका. तेव्हा खोटं शिखर २४ वर, खऱ्याच्या अंगावर येऊन बसेल आणि तुम्हाला वाटेल प्रश्न सुटला.)

दुसरी : टिचकीची जागा बदला. दुसऱ्या मोडमध्ये पट्टीवर एक जागा स्थिर राहते, शाळेत तिला निस्पंद बिंदू म्हणतात. तो पकडीपासून लांबीच्या ७८ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे २३५ मिमीवर असतो. टोकाला वजन असल्यामुळे किंचित पुढे सरकेल. तिथे मारलेली टिचकी दुसऱ्या मोडला जागं करत नाही. दोन-तीन मिमी पुढे-मागे करत जागा शोधा, ४४ चं शिखर जवळजवळ मावळेल. मारायला पेन्सिलचं खोडरबराचं टोक घ्या. नंतर तिथेच नव्हे, पकडीपासून १४० मिमीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने कडक, पण झटकन टिचकी द्या. तेच शिखर फोफावेल. मऊ वस्तूचा मार पट्टीशी जास्त वेळ टेकून राहतो आणि वरचे मोड फारसे उठत नाहीत, हे कारण अहवालात एका ओळीत लिहा.

मग मापन दुरुस्त करा. एमपीयू-६०५० च्या आत त्वरण सेकंदाला १००० वेळा मोजलं जातं आणि चालू केल्यावर त्याची आतली गाळणी (वरच्या वारंवारता अडवणारा फिल्टर) २६० हर्ट्झवर असते. म्हणजे १५६ चं कंपन बिनदिक्कत आत येतं आणि तुम्ही पाचातलं एक रीडिंग उचलता, तिथे घोळ होतो. दोन वाटा आहेत. फक्त पहिला मोड हवा असेल तर आतली गाळणी ४४ हर्ट्झच्या टप्प्यावर लावा आणि २०० नमुनेच ठेवा. (हा ४४ आणि तुमचा ४४ यांचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, कुणीतरी विचारेलच.) दोन्ही मोड हवे असतील, आणि तुम्हाला ते हवेच असायला हवेत, तर सेकंदाला १००० नमुने घ्या. एक मात्र पक्कं : गाळणी नमुने घेण्याच्या आधी लागते. संगणकावर आल्यानंतर कितीही गाळलं तरी दुमडून आलेलं ४४ आणि खरं ४४ यांच्यात फरक करणं कोणत्याही सॉफ्टवेअरला शक्य नाही.

१००० नमुन्यांवर गेल्यावर वायरीचा वेग आड येतो. ११५२०० बॉडला (संगणकाकडे माहिती पाठवण्याचा हा नेहमीचा वेग) सेकंदाला साधारण ११,५२० अक्षरं जातात. वेळ, स्वल्पविराम, रीडिंग अशी १३-१४ अक्षरांची ओळ छापत बसलात तर हजार ओळी मावणार नाहीत, आणि रीडिंग घेऊन संगणकाकडे पाठवणारा मायक्रोकंट्रोलर गुपचूप मागे पडत जाईल. त्यामुळे एकाच अक्षाचं कच्चं रीडिंग दोन बाइटमध्ये जसंच्या तसं पाठवा, आयटूसीचा (मॉड्यूल आणि मायक्रोकंट्रोलर यांच्यातल्या जोडणीचा) वेग १०० वरून ४०० किलोहर्ट्झ करा. दर हजार रीडिंगना किती मायक्रोसेकंद लागले ते मोजून शेवटी छापा. दहा लाखांऐवजी १० लाख ७० हजार आले, तर तुमची प्रत्येक वारंवारता सात टक्क्यांनी चुकलेली आहे आणि आलेख मात्र देखणा दिसतोय! रीडिंग किमान दोन सेकंदांचं हवं; दोन सेकंदांच्या नोंदीत अर्धा हर्ट्झ इतकाच बारकावा मिळतो. २४.६ आणि मॉड्यूल काढल्यावरचे २६.३ (ते पुढे येतील) वेगळे ओळखायला तो पुरतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण ती घडत असणार असा माझा अंदाज आहे. हे मॉड्यूल चालू केल्यावर अधिक-उणे २ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण) इतकंच त्वरण मोजतं. २४.६ हर्ट्झला टोक फक्त १ मिमी हललं तरी त्वरण २.४ जी होतं. पट्टी आडवी असेल तर गुरुत्वाकर्षणाचा १ जी आधीच खर्ची पडलेला. म्हणजे हलकी टिचकीसुद्धा लाटेचा माथा कापते. माथा कापलेल्या लाटेत मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट अशी नवी शिखरं उगवतात. तुमच्या बाबतीत ७४ आणि १२३ वर (२०० नमुन्यांत दुसरं दुमडून ७७ वर दिसेल). मोजण्याची कक्षा ८ किंवा १६ जी करा. माध्यमांच्या तासाला ध्वनिपातळी लाल रेषेत गेली की आवाज फाटतो असं सांगतात, ते अगदी हेच.

आता २७.२ आणि २४.६ मधली दरी. मित्राच्या ‘प्रायोगिक त्रुटी’ या शब्दांवर माझा राग आहे, मित्रावर नाही. ते दोन शब्द म्हणजे तपास बंद केल्याची नोंद. २.६ हर्ट्झ जवळजवळ दहा टक्के होतात. एवढं मोठं अंतर निनावी राहू नये.

पहिला संशयित मॉड्यूलचं वजन. पट्टी १७७ ग्रॅमची असली तरी पहिल्या मोडमध्ये तिचं टोकाशी जाणवणारं वस्तुमान त्याच्या चोवीस टक्के, म्हणजे ४३ ग्रॅम. त्यावर ६ ग्रॅम म्हणजे थोडंथोडकं नव्हे : २७.२ चे २५.५ होतात. वायर टोकाशी लोंबत असेल तर तिचंही वजन धरा, आणि ती पट्टीलगत चिकटवत पकडीकडे आणा. दुसरा संशयित व्हाइस. जबड्यांच्या कडा झिजलेल्या, गोलसर असतात, त्यामुळे पट्टी जिथे बाहेर पडताना दिसते त्याच्या थोडी आतून वाकायला लागते. ५ मिमी आत धरलं तर लांबी ३०५ होते आणि वारंवारता आणखी सव्वातीन टक्के उतरते. २५.५ वरून आपण थेट २४.६ वर पोहोचतो.

छान जुळलं, नाही? इथेच सावध राहायचं. कारण पट्टीची जाडी ३ ऐवजी २.९ मिमी असती तरी हाच आकडा आला असता! वारंवारता जाडीच्या थेट प्रमाणात बदलते आणि बाजारात ३ मिमी म्हणून मिळणारी पट्टी नेमकी तेवढी असेलच असं नाही. म्हणून मायक्रोमीटरने पाच ठिकाणी जाडी मोजा. त्यानंतरही शंका उरली तर एक सुंदर युक्ती आहे : मॉड्यूल काढून ३५०, ३००, २५० आणि २०० मिमी अशा चार लांबींवर वारंवारता घ्या आणि वारंवारतेच्या वर्गमुळाचा व्यस्त आडव्या अक्षावर, लांबी उभ्या अक्षावर मांडा. बिंदू सरळ रेषेत येतील. दोष जाडीचा असेल तर रेषा शून्यातून जाईल, फक्त तिचा चढ बदललेला असेल. दोष पकडीचा असेल तर रेषा शून्याच्या ५ मिमी खाली उतरेल. चार रीडिंगमध्ये दोन संशयित वेगळे होतात.

पण मॉड्यूल काढल्यावर वारंवारता मोजायची कशाने? तुम्ही सोडायला निघालेल्या विषयाच्या साहित्याने.

फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रण असेल तर पट्टीच्या एका आवर्तनात सुमारे नऊ चित्रं मिळतात. टोकाच्या कडेवर काळा ठिपका असलेला पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवा, ‘ट्रॅकर’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या ठिपक्याचा माग काढा आणि आवर्तनं मोजा. कागदाचं वजन नगण्य. पकडीची ढिलाई तेवढीच असेल तर आकडा २६.३ च्या आसपास यावा. २०० मिमीच्या लांबीला वारंवारता ५८ पर्यंत जाते, म्हणजे आवर्तनाला चारच चित्रं. पुरतात, पण त्याहून लांबी कमी करू नका. फोनचं २४० हे २४० असतंच असं नाही. मायक्रोकंट्रोलरवर सेकंदाला १० वेळा लुकलुकणारा एलईडी चौकटीत ठेवा, दहा सेकंदांच्या फ्रेम मोजा, खरा वेग कळेल. तोच आकडा हिशेबात वापरा.

दुसऱ्या मोडसाठी ध्वनिमुद्रण. ४८ किलोहर्ट्झला एलियासिंगची भीती इथे उरतच नाही. मायक्रोफोन पट्टीच्या टोकाजवळ दोन-तीन सेंटिमीटरवर धरा, पण टेकवू नका. कडक टिचकी मारा आणि ध्वनीचा वर्णपट (कोणती वारंवारता किती आहे याचा आलेख) काढा. मॉड्यूल असताना १५६ आणि काढल्यावर १६५ च्या जवळ शिखर मिळायला हवं. पहिला मोड यात शोधू नका, पंचवीसच्या आसपासचं फोनचे मायक्रोफोन बहुतेक गाळूनच टाकतात.

थोडक्यात, तुमच्या अहवालात एकाच पट्टीची तीन स्वतंत्र मापनं असतील : त्वरणमापी, चित्र, ध्वनी. तिन्ही जिथे सहमत आहेत तिथे आकडा खरा. जिथे नाहीत तिथे कारण माहीत आहे. आणि २०० नमुन्यांचा तो पहिला आलेख, ४४ च्या शिखरासह, अहवालात तसाच छापा. शेजारी १००० नमुन्यांचा. तुमच्या परीक्षकाने ४४ चं शिखर खोडलेले आलेख याआधी पाहिलेले असतील, समजावून सांगितलेले कमी.

मित्राशी बोलताना एवढंच सांगा की खोडलेलं शिखर व्हायवात अडचणीत आणतं : “कच्ची फाइल दाखवा” म्हटलं की संपलं. गटाचा अहवाल असतो, सही दोघांची असते.

फितीबद्दल. शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे आणि तोच फितीचा पहिला प्रसंग आहे. तुमचं फसलेलं चित्रण टाकून देऊ नका, त्यानेच सुरुवात करा. पट्टी चित्रात संथ डोलतेय. तेवढ्यात जाड कागदाची कड तिच्या टोकाजवळ येते आणि फर्रर्र असा आवाज होतो. डोळा एक सांगतो, कान दुसरं. निवेदनाची गरजच नाही. पुढची पाच मिनिटं त्या विसंगतीचा उलगडा. कंपनांचं सूत्र, संक्षिप्त इतिहास, ‘कंपनं आपल्या आयुष्यात सर्वत्र आहेत’ वगैरे प्रस्तावना, हे सगळं कापा. सहा मिनिटांत एकच गोष्ट नीट कळते.

हे चित्रण पुन्हा घ्यावं लागलंच तर शटर १/१००० सेकंद ठेवा. १/५० ला पट्टी अर्धं आवर्तन फिरून जाते, नुसता पुसट पट्टा उरतो. २४० फ्रेमला शटर १/५०० किंवा त्याहून कमी हवं, म्हणजे १/५० च्या तुलनेत दहापट प्रकाश लागणार. खोलीतले दिवे इथे दगा देतात : वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो, ६० चा असेल तर १२० वेळा, आणि चित्रात काळे पट्टे सरकायला लागतात. खिडकीतलं थेट ऊन सर्वांत उत्तम. नाहीतर बॅटरीवरचा एलईडी, तोही पूर्ण तेजावर, कारण मंद केलेले बरेच एलईडी चालू-बंद होऊनच मंद होतात.

चौकटीत पट्टी आडवी ठेवा, फोनही आडवा. फोनचा सेन्सर ओळीमागून ओळ वाचतो. पट्टी उभी आली तर तिचं एक टोक आधी आणि दुसरं नंतर टिपलं जातं, आणि सरळ पोलादी पट्टी शेवयांसारखी वळवळताना दिसते. बघायला मजेशीर, पण तुमच्या विषयासाठी तो आणखी एक खोटेपणा होईल, आणि सहा मिनिटांत दोन खोटेपणे उलगडायला वेळ नाही. तिपाई व्हाइसच्या टेबलावर ठेवू नका. फोकस आणि एक्सपोजर कुलूपबंद करा.

संकलनात एक खड्डा ठरलेला असतो. बरेच फोन फ्रेमचा वेग चित्रणभर सारखा ठेवत नाहीत, आणि मग वेगळा घेतलेला आवाज हळूहळू ओठांपासून सुटत जातो. संकलन सुरू करण्याआधी सगळ्या फाइली हँडब्रेकसारख्या मोफत साधनाने स्थिर फ्रेमवेगात बदलून घ्या. मध्यात आठवलं तर सगळे काप पुन्हा करावे लागतात. पण ट्रॅकरसाठी मूळ फाइलच वापरा, बदललेली नको. निवेदन वेगळं मुद्रित करा, मायक्रोफोन तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला, सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये. संहिता ४५० शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. सावकाश बोललात तर त्याची चार मिनिटं होतात आणि उरलेली दोन पट्टीला बोलू द्या. दुसऱ्या मोडचं संगणकीय चलचित्र वापरणार असाल तर पडद्यावर ‘वाकणं इतक्या पटींनी वाढवून दाखवलं आहे’ असं लिहाच, कारण ते सॉफ्टवेअर स्वतःहून वाढवतं आणि पाहणाऱ्याला पट्टी रबराची वाटते.

एकच काम दोन्हीकडे दाखवण्याबद्दल. न विचारता केलंत तर ती लबाडी ठरू शकते, स्वतःचंच काम असलं तरी. विचारून केलंत तर बहुधा कुणी नाही म्हणणार नाही. पण ‘सर, दोन्हीकडे हेच चालेल का?’ असं दारात उभं राहून विचारू नका. एक पान लिहा. वर प्रयोगाचं वर्णन चार ओळींत. खाली दोन रकाने : मेकॅनिकलमध्ये काय तपासलं जाईल (मापन, विश्लेषण, त्रुटींची कारणं, लांबी-वारंवारता आलेख) आणि माध्यमांमध्ये काय (संहिता, चित्रण, ध्वनी, संकलन). दोन्हीकडे जाणारी गोष्ट एकच : २४० फ्रेमचं कच्चं चित्रण, तसं स्पष्ट लिहा. मजकूर कुठेही उचलून तिकडचा इकडे चिकटवू नका. मित्राने मापनात काम केलंय, तर फितीच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव येईल, हेही लिहा. हे पान दोन्ही शिक्षकांना ईमेलने पाठवा आणि होकार लेखी घ्या. एकाने नकार दिला तर प्रयोग मेकॅनिकलकडे राहू द्या आणि फितीसाठी एलियासिंगच, पण वेगळी वस्तू घ्या, उदाहरणार्थ फिरतं दातेरी चाक. तुमचा अभ्यास वाया जात नाही.

आणि विषय सोडणं? तुम्ही असं धरून चालला आहात की माध्यमं सोडली की तेवढा वेळ मेकॅनिकलला मिळेल. पण मेकॅनिकलचं काम वेळेअभावी अडलेलं नाही. ते एका न समजलेल्या आकड्यापाशी अडलं होतं. सोडायचाच असेल तर तीन गोष्टी आधी बघा : सोडण्याची मुदत उलटली आहे का, ते क्रेडिट पुढे कुठे भरून काढावे लागतील, आणि गुणपत्रकावर त्याची नोंद कशी होते. चौथी गोष्ट तुमच्या मनाची आहे. फीत करताना कंटाळा येत असेल तर सोडा, त्यात कमीपणा नाही. पण फसली म्हणून सोडत असाल तर ती का फसली हे आता माहीत आहे. घरच्यांचं म्हणणं खोडून काढायला वाद घालू नका. फीत पूर्ण झाली की दाखवा. कागदाच्या फर्रर्रपर्यंत बसले तर बसले.

पाच आठवड्यांत हे बसतं का? बसतं, पण ढकलत नेलं तर नाही. या आठवड्यात दोन्ही चाचण्या, ते एक पान आणि १००० नमुन्यांचं मापन. दुसऱ्यात चित्रण, ध्वनी, नंतर चार लांबी. तिसऱ्यात आकडेमोड आणि संहिता, दोन्ही एकदम. कारण जे संहितेत सोप्या शब्दांत सांगता येत नाही ते अहवालातही कच्चंच असतं. संकलनाला चौथा आठवडा पूर्ण द्या, तयार मिनिटामागे तीन-चार तास सहज जातात. पाचवा मोकळा ठेवा. तो मोकळा राहणार नाही, पण ठेवा.

कामाचा क्रम मात्र चुकवू नका. ३०० मिमीला पट्टी एकदा घट्ट धरा, वर-खाली ८-१० मिमी जाडीच्या सपाट पट्ट्या देऊन, त्यांच्या कडा एका रेषेत. लांबी त्या कडेपासून मोजा. या पट्ट्यांमुळे ढिलाई बदलेल आणि वर दिलेले आकडेही थोडे सरकतील, म्हणून २०० नमुन्यांचा आलेखही याच पकडीत पुन्हा घ्या. मग मॉड्यूलसकट मापन, त्याच अवस्थेत ध्वनी आणि दोन्ही वेगांची चित्रणं. नंतर मॉड्यूल काढून चित्र आणि ध्वनी पुन्हा. हे सगळं हातात आल्याशिवाय, आणि फाइली उघडून बघितल्याशिवाय, व्हाइसचा दांडा फिरवू नका. पट्टी एकदा सैल केली की पुन्हा तशीच बसत नाही, आणि मग तुमचे ५ मिमी पाच राहत नाहीत.